सल्ला हवा आहे : वेशभूषा पुरस्कारांसाठी प्रवेशिका कोणी, कुठे आणि कशी पाठवावी?

सुईदोरा :
नमस्कार. मराठी मालिका आणि चित्रपटांसाठी सहायक वेशभूषाकार म्हणून काम केल्यानंतर स्वतंत्रपणे केलेला माझा पहिला चित्रपट आता सेन्सॉर प्रमाणपत्राच्या टप्प्यावर आला आहे. कथानक १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात घडते. त्यामुळे खडी फोडणाऱ्या बायकांची विटलेली इरकली लुगडी, पुरुषांची धोतरे आणि पटके, शाळकरी मुलींची परकर-पोलकी असेच बहुतेक कपडे आहेत. डोळे दिपतील असे त्यात काहीही नाही. याच काळात एका ओटीटी मंचासाठी केलेली आठ भागांची समकालीन मराठी मालिकाही प्रदर्शित झाली आहे. या दोन्ही कामांच्या प्रवेशिका कोणत्या पुरस्कारांसाठी पाठवता येतील, त्या मी स्वतः पाठवायच्या की निर्मात्यांनी, आणि सोबत काय जोडावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. परदेशी पुरस्कारांचा विचार करण्यात अर्थ आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

काठपदर :
सुईदोराताई, अभिनंदन. आधी चित्रपटाविषयी लिहितो.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेसाठी १९८४ च्या चित्रपटांपासून स्वतंत्र पुरस्कार दिला जातो. रजत कमळ आणि आता २ लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. प्रवेशिका वेशभूषाकाराने पाठवायची नसून चित्रपटाचा निर्माता किंवा हक्कधारक ती पाठवतो, आणि एकाच प्रवेशिकेतून चित्रपटाच्या सर्व विभागांचा विचार होतो. म्हणजे आपले काम दोनच गोष्टींपुरते उरते, पण त्या दोन्ही निर्णायक आहेत : निर्मात्याला वेळेत अर्ज करायला लावणे आणि श्रेयनामावलीत आपले नाव बिनचूक आले आहे ना, हे पाहणे. परीक्षक नावे पडद्यावरून आणि अर्जावरून घेतात. चित्रपटात ‘कॉस्च्यूम स्टायलिस्ट’, अर्जात ‘वेशभूषा’ आणि भित्तिपत्रकावर तिसऱ्याच कोणाचे नाव, असा घोळ असेल तर तो निकालानंतर निस्तरत बसण्यात काहीही हशील नसते. अंतिम प्रत निघण्यापूर्वी श्रेयनामावलीचा मसुदा स्वतःच्या डोळ्यांखालून घालाच.

पात्रता प्रदर्शनाच्या तारखेवर नव्हे, तर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर ठरते. ज्या वर्षाचे पुरस्कार असतील, त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातले प्रमाणपत्र लागते. इंग्रजी उपशीर्षकेही आवश्यक असतात. लहान निर्मितीसंस्था ती नेमकी शेवटच्या आठवड्यात घाईघाईने करून घेतात, म्हणून आत्ताच आठवण करून द्यावी.

राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांतही वेशभूषा आणि रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके आहेत आणि तेथेही अर्ज निर्मात्याकडूनच जातो. गोरेगावच्या चित्रनगरीतून काम पाहणारे महामंडळ प्रवेशिका मागवते. माझ्या मते आपल्या चित्रपटासाठी हे दोन अर्ज आधी करावेत. खासगी सोहळ्यांकडे त्यानंतर वळावे.

पडद्यामागे :
वरील माहितीला माझी पुस्ती प्रवेशिकेसोबत जोडायच्या वेशभूषेच्या टिपणाविषयी आहे. एका खासगी पुरस्काराच्या प्राथमिक निवडीत मी काम केले आहे. तेथे आलेल्या वेशभूषेच्या टिपणांपैकी बहुतेकांत नायिकेची सुंदर छायाचित्रे आणि ‘आम्ही सखोल संशोधन केले’ हे एक वाक्य असे. त्या वाक्यावरून परीक्षकाला काहीच कळत नाही.

आपल्या चित्रपटाला तर टिपणाची गरज अधिक आहे, कारण त्यातले कष्ट दिसू नयेत अशीच त्या कामाची मागणी आहे. राजवाड्यातली पैठणी परीक्षकाला आपोआप दिसते. खाणीवरच्या बाईचे लुगडे मात्र कलाकार घरूनच नेसून आल्यासारखे वाटते, आणि ते तसे वाटणे हेच आपले यश असले तरी गुण देताना तेच आड येते. म्हणून दोन-तीन पानांतच, पण नेमके लिहावे. इरकलीचे सुती अंग आणि लाल-पांढऱ्या टोपपदराचे रेशीम सारख्याच वेगाने विटत नाही. मग आपण अंग किती उतरवले, पदर किती राखला आणि का? नवे कापड जुने करण्यासाठी काय वापरले : काताचे पाणी, चहा, धुण्याचा सोडा, पॉलिशपेपर, की दगडावरची घासणी? एकाच लुगड्याचे किती नग केले, आणि दुष्काळ वाढत जातो तसतसा कोणत्या प्रसंगापासून कोणता नग वापरला? ठिगळाचे कापड आधीच्या एखाद्या प्रसंगातल्या कपड्याचे असेल, तर तेही आवर्जून सांगा. अशा गोष्टी निदर्शनास आणून दिल्या की परीक्षक चित्रपट पाहताना त्या शोधतो. प्रत्येक मुद्द्यापुढे चित्रपटातील मिनिट आणि सेकंद द्यावेत.

साध्या कपड्यांना पुरस्कार मिळतच नाहीत, असा समज करून घेऊ नये. २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषेचा मान ‘सायकल’ या मराठी चित्रपटासाठी सचिन लोवलेकर यांना मिळाला होता, आणि त्यातले कोकणातल्या गावचे कपडे काही दरबारी नव्हते. अर्थात त्याच पुरस्कारांच्या यादीत ‘बालगंधर्व’ आणि ‘तान्हाजी’ही आहेत, तेव्हा भरजरीचे पारडे थोडे जड राहते, हे नाकारण्यातही अर्थ नाही.

सुईदोरा :
दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण सांगायची राहिली. नायकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे तो मुंबईला गेल्यानंतरच्या कपड्यांचे काम एका ज्येष्ठ वेशभूषाकारांनी केले आहे. गिरणी कामगारांच्या प्रसंगांतील काही कपडे भाड्यानेही आणले होते. अशा वेळी प्रवेशिकेत एकच नाव देणे योग्य ठरेल का?

काठपदर :
नाही. दोन्ही नावे द्यावीत, आणि चित्रपटात ती ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने द्यावीत. विभागून सन्मान मिळण्यात कमीपणा नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये ‘गांधी’साठी मिळालेले ऑस्करही जॉन मोलो यांच्यासह होते. ‘तान्हाजी’साठी नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना, तर ‘सॅम बहादुर’साठी सचिन लोवलेकर, दिव्या गंभीर आणि निधी गंभीर अशा तिघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र कोणाचे काम कोठून कोठपर्यंत, हे त्या ज्येष्ठांशी आत्ताच बोलून लेखी ठरवून घ्यावे. नामांकन जाहीर झाल्यावर तोच विषय काढणे दोघांनाही अवघड जाते.

भाड्याच्या कपड्यांबाबत लपवालपव करू नये. गर्दीसाठी ड्रेसवाल्याकडून कपडे आणणे ही सर्वमान्य पद्धत आहे. त्यातून निवड कशी केली, काय नाकारले आणि सेटवर त्यांत काय बदल केले, एवढे लिहिले की पुरते.

दूरदेशी :
मी लॉस एंजेलिस येथे एका वेशभूषा विभागात काम करते, म्हणून परदेशी पुरस्कारांविषयी स्पष्टच लिहिते.

ऑस्करच्या सर्वसाधारण विभागांसाठी चित्रपट अमेरिकेतील सहा ठरावीक महानगर क्षेत्रांपैकी एका ठिकाणी चित्रपटगृहात सलग सात दिवस चालावा लागतो. त्या खेळांचा आणि प्रसिद्धीचा खर्च निर्मात्याच्या आवाक्यातला असेल तरच तो विषय काढावा. प्राइमटाइम एमी या अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कारांमध्ये समकालीन, ऐतिहासिक काळातील आणि कल्पनारम्य वेशभूषेसाठी वेगवेगळे विभाग असतात, आणि मालिकेच्या वेशभूषेसाठी सगळे भाग न पाठवता एकच भाग निवडून पाठवायचा असतो. परंतु संपूर्णपणे भारतीय निर्मिती तेथे पात्र ठरत नाही. अमेरिकी सहनिर्माता लागतो. इंटरनॅशनल एमीमध्ये भारतीय मालिका जातात, जिंकतातही, पण तेथे वेशभूषेचा विभागच नाही. १९५३ साली स्थापन झालेल्या येथील कॉस्च्यूम डिझायनर्स गिल्ड या वेशभूषाकारांच्या संघटनेचे पुरस्कार १९९९ पासून दिले जातात आणि त्यांतही काळानुसार हेच तीन भाग पाडलेले आहेत. तेथेही अमेरिकेतील प्रदर्शन वा प्रक्षेपण हाच मुख्य अडसर आहे.

तरीही एमीची एक गोष्ट आपल्या मालिकेसाठी घेण्यासारखी आहे. आठही भाग पाहण्याइतका वेळ कोणत्याच परीक्षकाला नसतो. जेथे पात्राच्या कपड्यांत कथेमुळे बदल होतो, असा एक भाग ठरवून टिपण त्याच्याभोवती लिहावे. लग्नसोहळ्याचा भाग निवडण्याचा मोह टाळावा.

पडद्यामागे :
मालिकेबद्दल : राष्ट्रीय पुरस्कारांत ती जाऊ शकत नाही, कारण तेथे सेन्सॉर प्रमाणपत्र असलेले चित्रपटच घेतले जातात. गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०२३ पासून सर्वोत्तम वेब मालिकेचा पुरस्कार आहे, पण तो संपूर्ण मालिकेला दिला जातो. वेशभूषेसाठी स्वतंत्र विभाग हवा असेल, तर २०२० पासून दिले जाणारे फिल्मफेअर ओटीटी पुरस्कार पाहावेत. अर्जाबाबत मंचाच्या प्रसिद्धी विभागाशी बोलून घ्यावे. दूरचित्रवाहिन्यांचे सोहळे त्या त्या वाहिनीच्या मालिकांपुरतेच असतात, त्यामुळे त्यांचा येथे उपयोग नाही.

शुल्क भरून ऑनलाइन प्रवेशिका घेणारे आणि दरमहा ‘सर्वोत्कृष्ट वेशभूषा’ जाहीर करणारे तथाकथित आंतरराष्ट्रीय महोत्सव मात्र पूर्णपणे टाळावेत. जेथे परीक्षकांची नावे नाहीत आणि चित्रपट प्रत्यक्ष दाखवलाही जात नाही, तेथील मानचिन्हाला या व्यवसायात कोणीही विचारत नाही.

आणखी एक : लूक टेस्टची आणि सेटवरची छायाचित्रे टिपणात वापरण्यापूर्वी निर्मात्याची लेखी परवानगी घ्यावी. चित्रपट प्रदर्शित झालेला नसताना ती बाहेर गेली, तर करारभंगाचा प्रश्न उभा राहतो.

सुईदोरा :
हे सर्व फार उपयुक्त आहे. शेवटचा प्रश्न : निर्माते म्हणतात की प्रमाणपत्र डिसेंबरअखेर मिळू शकेल, किंवा अर्ज थोडा लांबवल्यास जानेवारीत. पुरस्कारांच्या दृष्टीने काय सोयीचे ठरेल?

काठपदर :
उपशीर्षके आणि अंतिम ध्वनिमिश्रण तयार असेल तर डिसेंबर चालेल. तसे नसेल तर जानेवारीच बरा. डिसेंबरच्या प्रमाणपत्रावर चित्रपट सरत्या वर्षात मोजला जातो, आणि अर्ज मागवले जातील तेव्हा कागदपत्रे व उपशीर्षकांसह प्रत तयार नसेल तर ते वर्ष हातचे जाते; पुढील वर्षी तोच चित्रपट पुन्हा पाठवता येत नाही. जानेवारीचे प्रमाणपत्र असल्यास टिपण लिहायला, श्रेयनामावली तपासायला आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी बोलायलाही आपल्याला पुरेसा वेळ मिळेल. मात्र प्रदर्शनाची तारीख आधीच ठरली असेल, तर वितरकापुढे आपले काही चालणार नाही. तेव्हा निर्मात्यांना प्रथम तीच विचारावी.