शब्दचर्चा : ‘भूचर कीटक’, ‘संक्रमण वन’ वगैरे

कडेकपारी
महाबळेश्वर ते वाई या पट्ट्यातल्या रानांत जमिनीवर वावरणाऱ्या कीटकांवर मराठीत टिपण लिहितोय. ‘ट्रान्झिशनल फॉरेस्ट’ला कुणी संक्रमण वन म्हणतं, कुणी संधिवन. ‘ग्राउंड-ड्वेलिंग’साठी भूचर चालेल का?

पाचोळा
भूचर नको. जलचर, खेचर यांच्या पंगतीतला शब्द तो. वाचकाच्या डोळ्यांपुढे ससा नाहीतर वाघ येणार. शिवाय हुमणीचं काय करणार? अळी मातीत राहून मुळं कुरतडते आणि तिचाच भुंगेरा वळवाचा पाऊस झाला की तिन्हीसांजेला बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जातो. मी ‘जमिनीलगतचे कीटक’ लिहीन आणि गरज पडेल तिथे ‘पाचोळ्यातले’, ‘मातीतले’ असं फोड करून सांगेन. मराठीत हे सरळ सांगता येतं, उगाच संस्कृत समास कशाला?

घाटमाथा
संक्रमण म्हटलं की हल्ली लोकांना साथीचा रोग आठवतो, तो हिंदी बातम्यांचा प्रसाद. पण माझी हरकत वेगळी आहे. संक्रमण काळातलंही असतं. कुमरी शेती (रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती) सोडून दिली की तिथे आधी झुडपं येतात, मग झाडं. ते रान खरोखर संक्रमणात असतं. तुमचा विषय जागेचा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. वर अंजनी, जांभूळ, पिसा यांचं बुटकं सदाहरित रान, खाली पानझडी. मधल्या पट्ट्याला संधिवन शोभतं. मात्र तिथलं रान एकाच जातकुळीचं असेल तर सरळ ‘निमसदाहरित’ किंवा ‘आर्द्र पानझडी’ लिहा, हे शब्द वनखात्याच्या वापरातले आहेत.

रोयण
कीटकांच्या यादीत वाळवीला ‘पांढरी मुंगी’ लिहू नका, हात जोडून सांगतो. वाळवी झुरळाच्या गोतावळ्यातली, मुंगीशी तिचं नातं फार लांबचं. वारूळही बहुतेकदा वाळवीचंच असतं. मुंग्या नंतर शिरतात आणि नागोबा तर आयत्या बिळावरचाच. पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे वाळवीने आत पोसलेल्या बुरशीची छत्री. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, म्हणून ती ‘रोयणी अळमी’. त्या एका नावात वाळवीचा सगळा शेतीधंदा आला!

पाचोळा
आणि ‘किडा’ व ‘कीटक’ यांची गल्लत टाळा. बोलीत किड्यात काहीही बसतं. मृगाचा लाल मखमली किडा आठ पायांचा, कोळ्याच्या गोत्रातला. वाणी (आमच्याकडे पैसा) तर पायांच्या रांगाच घेऊन चालतो. कीटक पडावेत म्हणून जमिनीत पेले पुरतात, त्या सापळ्यात हे दोन्ही सापडणार, पण कीटकांच्या आकड्यात धरायचे नाहीत. टिपणात यांचाही हिशेब असेल तर ‘संधिपाद’ (सांधेदार पायांचे सगळे जीव, कीटकही त्यातलेच) हा शब्द घ्या. तुमच्या ‘संधिवना’शेजारी तो थोडा विनोदी दिसेल, इलाज नाही.

कडेकपारी
आभार. ‘वैविध्य’ की ‘विविधता’?

घाटमाथा
दोन्ही चालतील, पण त्याचा अर्थ ‘जातींची संख्या’ असा घेऊ नका. जमिनीच्या पातळीला काठ येईल असे दोन पेले पुरलेत, प्रत्येकात १० जातींचे १०० कीटक पडले, असं समजा. पहिल्यात ९१ नुसते डोंगळे आणि बाकीच्या नऊ जातींचा एकेक; दुसऱ्यात प्रत्येक जातीचे दहा. जातसंख्या सारखीच, पण शॅनन निर्देशांक (वैविध्य मोजायचं एक माप, जास्त आकडा म्हणजे जास्त वैविध्य) पहिल्याचा ०.५० आणि दुसऱ्याचा २.३०. म्हणून जातसंख्या, समप्रमाण (जातींची संख्या एकमेकींशी किती सारखी) आणि वैविध्य हे तीन शब्द वेगवेगळे ठेवा.

रोयण
‘विपुलता’ही (एखादा कीटक तिथे एकूण किती आहे ते) जपून. पेल्यात तोच पडतो जो फिरतो. रात्रभर भटकणारा भुंगेरा दहादा काठाशी येईल. पाचोळ्याखाली बसून राहणारा संख्येने दुप्पट असला तरी हाती लागायचा नाही. त्या आकड्याला मी ‘वावर’ म्हणेन, ‘विपुलता’ नाही.

पाचोळा
‘वावर’ झकास. फक्त विदर्भ-खानदेशातल्या वाचकासाठी एकदा खुलासा करा, नाहीतर तो विचारेल, एवढ्याशा पेल्यात शेत कसं मावलं?