'लो हॅझार्ड' म्हणजे मजबूत नव्हे

कुणीतरी म्हटलंय की त्यांच्या बंधाऱ्याला 'लो हॅझार्ड' (कमी धोका) असं रेटिंग मिळालंय म्हणजे काळजीचं कारण नाही. इथेच घोळ होतो हो, ते रेटिंग भिंत किती धड आहे हे सांगतच नाही, फुटली तर खाली कुणाचं किती नुकसान होईल एवढंच सांगतं. भिंत पार खिळखिळी असली तरी खाली नुसती झाडी असेल तर 'लो', आणि टकाटक भिंतीखाली वस्ती असेल तर 'हाय'. भिंतीच्या अवस्थेचा शेरा वेगळा असतो, तो मागून घ्या.

हवाईतल्या काउआई बेटावरचं कालोको धरण बघा, खाजगी मालकीचं, मातीचं, जुनं, आणि नोंद 'लो हॅझार्ड'. 14 मार्च 2006 ला जोरदार पावसात फुटलं, 7 जण गेले. चौकशीत निघालं की सांडवा (जादा पाणी बाहेर काढायची वाट) बुजवलेला होता, म्हणजे जादा पाणी भिंतीवरूनच जाणार, आणि मातीच्या भिंतीवरून पाणी वाहायला लागलं की ती खालच्या अंगाने खरवडत जाते, मग काही खरं नाही. शिवाय रेटिंग दिल्यानंतर खाली घरं उभी राहिली तर कागद आपोआप बदलत नाही, त्यामुळे तुमचं रेटिंग कुठल्या सालचं आहे तेही जरा बघा.