सल्ला हवा: ५ वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या बाजूने बघायला कसं शिकवू? (बजेट ३००)

देवगडची_आई: लेक कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) नांग्या दोऱ्याने बांधून त्यांना वाळूत फरफटवतो. परवा दारावर मासे घेऊन येणाऱ्या मावशींच्या नातीला म्हणाला, "लांब बस, तुला वास येतो." पोर गपचूप उठून पायरीखाली जाऊन बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणायला लावलं, तर पोपटासारखं म्हणाला. पुस्तक, खेळ काहीही सुचवा. प्राणी पाळणं सोडून.

चिपळूणचा_बाबा: भावनांच्या चेहऱ्यांचा लाकडी सेट घ्या. आम्ही २२०० ला घेतला. आमचा 'राग' उचलून बहिणीला फेकून मारतो, पण लाकूड एक नंबर.

खाडीकाठ: बजेट ३०० लिहिलंय हो.

चिपळूणचा_बाबा: स्वस्तातलं घेऊन मग रडू नका.

मालवणी_आजो: आमच्या वेळार असला काय नव्हता. एक धपाटो दिलो की झाला.

बालवाडीताई: धपाट्याने दोरा लपवायला शिकेल. खर्च शून्य: बिस्किटाच्या डब्यात शिंपले भरा. उघडून दाखवा, बंद करा आणि विचारा, "बाबांनी डबा न उघडता बघितला, तर आत काय आहे असं वाटेल त्यांना?" तीन वर्षांचं पोर बहुतेक "शिंपले" म्हणतं. चार-पाचचं "बिस्किटं" म्हणू लागतं. म्हणजे आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं, हे त्याला उमगलं. १९८३ मध्ये विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी जागा बदललेल्या चॉकलेटची गोष्ट सांगून हेच तपासलं होतं.

खाडीकाठ: आमच्या कन्येला हे उमगलं आणि त्याच आठवड्यात ती सफाईने खोटं बोलू लागली. दुसऱ्याच्या मनातलं कळणं वेगळं, त्याच्यासाठी पोटात तुटणं वेगळं.

अलिबागकर: कुर्ली नाही, चिंबोरी. आणि रविवारी तिचंच कालवण ओरपता ना? मग दोऱ्याचं एवढं काय?

देवगडची_आई: आमच्याकडे कुर्लीच. खाणं वेगळं, छळणं वेगळं.

बालवाडीताई: पण बाजारात नांग्या बांधूनच विकतात. त्याने तेच पाहिलंय, त्याला तो छळ वाटतच नसेल. आणि "वास येतो" हे घरात कोण म्हणतं?

चिपळूणचा_बाबा: सेटमध्ये 'लाज' पण आहे.

देवगडची_आई: (दोन दिवसांनी) मीच म्हणते. मावशींनी पाणी मागितलं की वेगळा पेला देते, तेही त्याच्या देखत. काल आमच्याच पेल्यात चहा दिला. मावशींनी पेल्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. डब्याचा खेळ केला, पठ्ठ्या "बिस्किटं" म्हणाला.

विकत काही घेत नाही. सासूबाईंची कोंबडी खुडूक बसलीय, खाली अकरा अंडी. २१ दिवस तिचं दाणापाणी त्याच्याकडे.

खाडीकाठ: प्राणी नको म्हणालात ना?

देवगडची_आई: कोंबडी सासूबाईंची आहे.

मालवणी_आजो: गावठी पिल्लां इकणार असशीत तर दोन माका ठेव गो.