शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी उभं राहावं का?

माळरान: परवा 'जुना पालक' यांनी लिहिलं की शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नुसत्या सह्या ठोकायची जागा, शहाण्याने त्यात पडू नये, त्यापेक्षा लोकवर्गणीतून शाळेला मोठा टीव्ही घ्यावा. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा. पाच वर्ग, पट ४३, शिक्षक दोन. पालकसभेत नावं आधीच ठरलेली होती. मी उठून म्हटलं, हात वर करून मतं घ्या. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २१ सांगतं की तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. निवडून आले आणि पहिल्याच बैठकीत अनुदानाचा हिशेब मागितला. ३० च्या वर पट असला की समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं वर्षाला २५,००० बसतं. आणि मुलींच्या संडासाला कडी नव्हती! एक पोरगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. कडी, तोटी, टाकीचं झाकण, सगळं हजाराच्या आत झालं.

दुसरं काम वाचनाचं. तिसरीतल्या माझ्या पोराला साधं जोडाक्षर वाचता येईना. त्याला टीव्ही काय करणार? आता दर शनिवारी तीन आया ओट्यावर बसून पोरांकडून मोठ्याने वाचून घेतात.

खडूफळा: ताई, कडीचं उत्तम केलंत. पण वाचन मागे का पडतं तेही लिहा. ६० पटापर्यंत कायदाच दोन शिक्षक देतो. त्यातला एक मतदारयादी घेऊन दारोदार फिरतो. कलम २७ म्हणतं अशैक्षणिक काम देऊ नका, आणि त्याच कलमात जनगणना, आपत्ती, निवडणूक यांना सूट आहे. उरलेला पाच वर्ग सांभाळून ऑनलाइन माहिती भरतो. समितीने याविरुद्ध ठराव करावा.

घाटमाथा: सर, एकच विचारतो. तुमची मुलं कुठे शिकतात? अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात सांगितलंच होतं, सरकारी पगार घेणाऱ्यांनी मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. इथेही तेच हवं.

खडूफळा: माझी मुलगी तालुक्याला इंग्रजी माध्यमात आहे. लपवत नाही. आम्ही दोघं नोकरीला, सकाळी सातला घराला कुलूप. तिला माझ्या शाळेत आणायचं तर रोज ३४ किलोमीटर मोटारसायकलवर. आणा म्हणता? १९ वर्षं वाडीवस्तीवर काढलीत मी. माझ्या घरात शिरू नका.

घाटमाथा: घरात शिरत नाही. आमच्या गावात गुरुजींची पोरं पिवळ्या बसने गेली, मग सरपंचांची, मग सोसायटीच्या चेअरमनची. पट १७ वर आला. मागे राहिली ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची. त्यांच्यासाठी भांडणारं सभेत कुणी उरलं नाही. राग येतो तो याचा.

खडूफळा: हे खरं आहे. पण त्याचा दोष एकट्या मास्तरांवर टाकू नका.

जुना पालक: टीव्हीचं मी लिहिलं, ते मागे घेतो. बाकीचं नाही. दोन वर्षं समितीत होतो. न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही मागितली, मी दिली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून माझा पोरगा मागच्या बाकावर. घरी काही बोलायचा नाही, जेवताना नुसता खाली बघायचा. शेवटी शाळा बदलली. तुम्हाला बायकांची साथ होती, मी एकटा होतो.

माळरान: पोराचं वाचून पोटात तुटलं. मी तुम्हाला 'पडू नये म्हणणारे' या एका ओळीत मोजलं, ते चुकलं. पण साथ आयती नव्हती हो. सभेआधी चार दिवस घरोघर गेले होते, पाण्याच्या टाकीवर बायका गाठल्या. त्यातल्या सहा जणी आज सदस्य आहेत. इतिवृत्त आम्ही बैठकीतच मोठ्याने वाचतो, मगच सह्या. अशैक्षणिक कामांचा ठराव पुढच्या बैठकीत मांडते. खडूफळा सर, मसुदा लिहून द्याल का?

खडूफळा: रविवारी देतो.