मदत हवी आहे: वायमार जर्मनीतल्या कॅथलिक स्त्रियांची मतं कशी वाचायची?

मंडळी, विषय आहे 1919 नंतरच्या, म्हणजे वायमार प्रजासत्ताकाच्या काळातल्या, जर्मनीतल्या कॅथलिक स्त्रिया आणि कॅथलिकांचा झेंट्रुम पक्ष. 19 जानेवारी 1919 ला स्त्रियांनी पहिल्यांदा देशपातळीवर मतदान केलं, ते राज्यघटना बनवणाऱ्या राष्ट्रीय सभेसाठी. त्या सभेत झेंट्रुमकडून हेडविग ड्रान्सफेल्ड, हेलेने वेबर, क्रिस्टिने टॉयश निवडून आल्या. ड्रान्सफेल्ड तर 1903 मध्ये कोलोनला स्थापन झालेल्या कॅथलिक महिला संघाच्या अध्यक्षाही होत्या.

अडचण आकड्यांची. स्त्री-पुरुषांची मतं वेगवेगळी मोजली ती फक्त काही ठिकाणी, त्यात कोलोन आहे. तिथे झेंट्रुमला पुरुषांपेक्षा स्त्रियांची मतं जास्त दिसतात. पण मोजणीत धर्माची नोंद नाही. कॅथलिकांचं प्रमाण जनगणनेतून घ्यावं लागतं. दोन्ही तक्ते जोडले की 'कॅथलिक बायकांनी असं मत दिलं' असं लिहायचा मोह होतो, आणि तिथेच घसरगुंडी! भागाची सरासरी म्हणजे व्यक्तीचं मत नव्हे. यावर कोणती सांख्यिकी पद्धत वापरता? शिवाय शहराचा निष्कर्ष खेड्यांना लावणं कितपत योग्य?

दुसरं, संघाची हस्तलिखित इतिवृत्तं कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. त्यात ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात. यू ओळखायचा तो डोक्यावरच्या वक्र रेघेवरून. फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील अक्षरवळणात लांब एसला (एसचं जुनं, एफसारखं दिसणारं रूप) मजकूर वाचणारं यंत्र एफ समजतं, म्हणून शब्दशोध फसतो. त्यात विवाहित सभासदांची नोंद बरेचदा नवऱ्याच्या नावाने किंवा हुद्द्याने. मूळ नाव शोधायला चर्चच्या विवाहनोंदी आधी बघाव्यात की शहराच्या पत्त्यांच्या याद्या?