वस्तीतल्या संस्थेला बाल न्याय मंडळासोबत काम करायचे आहे, सुरुवात कुठून करावी?

अभ्यासिका_हडपसर

नमस्कार मंडळी. हडपसर भागात आमची नोंदणीकृत संस्था संध्याकाळची अभ्यासिका आणि कबड्डीचे मैदान चालवते. १३ ते १७ वयाची साठेक मुले येतात. त्यातली काही अलीकडे पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांत अडकली आहेत. मोबाईल हिसकावणे, दुचाकी पळवून पेट्रोल संपेपर्यंत फिरवणे, मारामारी, कोयता घेऊन रील टाकणे असे प्रकार आहेत. पालक घाबरतात, कुणातरी मध्यस्थाला पैसे देतात, मुलाला गावी धाडतात. दोन महिन्यांनी मूल परत येते तेव्हा शाळा सुटलेली असते आणि अल्पवयीन आरोपींची चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या तारखाही चुकलेल्या असतात.

या मुलांना निरीक्षणगृहापासून (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते गृह) लांब ठेवून वस्तीतच सांभाळण्याचे काम संस्थेला अधिकृतपणे करता येते का? परवानगी कुणाची लागते? पोलीस, मंडळ आणि संस्था यांत आपली जागा नेमकी कोणती? आमच्याकडे राहण्याची सोय नाही आणि करायचीही नाही. कृपया कलमांसह सांगा, म्हणजे विश्वस्तांपुढे मांडता येईल.

कलम_आणि_नियम

करता येते, आणि कायद्यालाही तेच हवे आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्ये जी तत्त्वे आहेत त्यात हे तत्त्व स्पष्ट आहे: न्यायालयीन कारवाईचा मार्ग न धरता मुलाचा प्रश्न सोडवण्याच्या उपायांना प्रोत्साहन द्यायचे. हे काम बहुतेक वेळा अडते ते पहिल्याच दिवशी, ठाण्यात. म्हणून आधी तेवढे समजून घ्या.

केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांतला नियम ८ पाठ करून ठेवा. गुन्हा निर्घृण प्रकारचा असेल किंवा मुलाने तो प्रौढांसोबत केल्याचा आरोप असेल, तरच एफआयआर. बाकी सगळ्या प्रकरणांत बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने (ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) माहिती ठाण्याच्या डायरीत नोंदवायची, नमुना १ मध्ये मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल लिहायचा आणि पहिल्या सुनावणीआधी मंडळाकडे पाठवायचा. ताब्यात घेण्याचा अधिकारही मुख्यतः निर्घृण गुन्ह्यापुरताच आहे, मुलाच्या हितासाठी गरज असेल तो अपवाद. इतर वेळी पालकांना तारीख कळवायची आणि त्यांनी मुलाला घेऊन मंडळासमोर जायचे.

आता तुमच्या यादीतले प्रकार कुठे बसतात ते पाहू. ज्याची कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे तो 'किरकोळ' गुन्हा. साधी चोरी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३(२), आणि हिसकावणे, म्हणजे कलम ३०४, दोन्ही यातच येतात. घरात शिरून केलेली चोरी (कलम ३०५) कमाल ७ वर्षांची, म्हणून 'गंभीर'. जबरी चोरीला (कलम ३०९(४)) कमाल १० वर्षे आहेत, पण किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाचा शिल्पा मित्तल प्रकरणातला २०२० चा निकाल आणि २०२१ ची दुरुस्ती यांमुळे तीही 'गंभीर' ठरते, 'निर्घृण' नाही. निर्घृण म्हणजे किमान शिक्षाच ७ वर्षे किंवा जास्त असलेला गुन्हा. ठाण्यात या दोन शब्दांची गल्लत रोज होते आणि त्यात मूल विनाकारण निरीक्षणगृहात जाते.

हिसकावण्याच्या प्रकरणात एक गोष्ट नीट विचारा: गाडी कोण चालवत होता? बहुतेकदा पुढे बसलेला २२-२३ वर्षांचा असतो. मग एफआयआर होणारच. पण तेव्हा मुलाची चौकशी मंडळापुढे आणि प्रौढाचा खटला न्यायालयात, असे दोन्ही वेगळे चालवावे लागतात (बाल न्याय अधिनियमाचे कलम २३). शिवाय मुलांना बेकायदा कामाला जुंपणाऱ्या प्रौढाला त्याच अधिनियमाच्या कलम ८३(२) खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड आहे. हे कलम लावा, असा लेखी अर्ज पालकांनी किंवा वकिलांनी जरूर द्यावा. तो दिला नाही तर मुलाला वापरणारा माणूस दुसरे मूल शोधतो.

परिविक्षा_कट्टा

वरचे सगळे बरोबर. मी प्रवेशाचा रस्ता सांगतो.

राहण्याची सोय करणार नसाल तर कलम ४१ ची बालगृहासारखी नोंदणी लागत नाही, ती मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. तुमचा धागा कलम १८(१)(ग) मध्ये आहे. मंडळ मुलाला समाजसेवेचा आदेश देते तेव्हा देखरेखीसाठी एखादी संस्था, व्यक्ती किंवा गट ठरवून देऊ शकते. त्याच कलमात गटसमुपदेशन, शाळा किंवा व्यवसाय प्रशिक्षणाला जाणे, व्यसनमुक्ती कार्यक्रम हेही आहे.

दोन पानी प्रस्ताव तयार करा. पहिली प्रत बाल न्याय मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या नावे, दुसरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, तिसरी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना. पुण्याचे मंडळ येरवड्याला बसते. प्रस्तावात मोघम 'संस्कार' वगैरे लिहू नका. किती मुले घेऊ शकता, कोणते वार, कोणती वेळ, जबाबदार कार्यकर्ता कोण, मूल दोनदा आले नाही तर तुम्ही काय करणार, एवढे लिहा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, ताळेबंद, मुलांशी काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी आणि संस्थेचे बाल संरक्षण धोरण जोडा. मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. प्रस्ताव आधी त्यांना वाचायला द्या, व्यवहारातले प्रश्न तेच विचारतात.

सगळ्यात महत्त्वाचे पहिले दोन आठवडे. मुलाची माहिती मिळाल्यावर परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) २ आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल (नमुना ६) द्यावा लागतो. एका अधिकाऱ्याकडे एवढी प्रकरणे असतात की घरभेट घाईत उरकली जाते. मग अहवालात 'वस्ती वाईट, संगत वाईट' येते आणि त्याच आधारावर कलम १२ खाली जामीन नाकारला जातो. खरे तर जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायचा तर मूल गुन्हेगाराच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल, यांपैकी एक कारण लिहावे लागते. 'संगत' या कारणावर तुमच्यासारख्या संस्थेचे पत्र उपयोगी पडते. मूल कधीपासून अभ्यासिकेत येते, आठवड्यात किती दिवस, शाळेची हजेरी किती, संध्याकाळी ६ ते ९ ते कुणाच्या नजरेसमोर असेल, हे एका पानात लिहून परिविक्षा अधिकाऱ्याला द्या. थेट मंडळाला देऊन अधिकाऱ्याला बाजूला टाकू नका, पुढची दहा प्रकरणे त्यांच्याच हातून जाणार आहेत.

जामीन मिळूनही मूल आत राहते, हेही पाहायला मिळते. जामीनदार मिळत नाही. आदेशानंतर ७ दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते, कलम १२(४). सातवा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि विधी सेवेच्या वकिलांना आठवण करा. मुलाला मोफत वकील मिळतो, घरच्या उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. मध्यस्थाला पैसे देणाऱ्या पालकांना हे वाक्य छापून द्या.

मैदान_आणि_मुले

कागद जमले तरी कार्यक्रम फसतो, तो कसा फसतो ते लिहिते.

समाजसेवा म्हणजे शिक्षा म्हणून झाडू मारायला लावणे नव्हे. नियमांतल्या व्याख्येप्रमाणे ती १४ वर्षांवरील मुलांसाठीच आहे आणि उदाहरणे बाग सांभाळणे, वृद्धांना मदत, रुग्णालयात मदत अशी आहेत. त्याच्या स्वतःच्या गल्लीत काम देऊ नका. 'पोलिसवाला पोरगा' हे नाव एकदा चिकटले की निघत नाही, आणि कलम ७४ खाली ओळख उघड होण्याचाही प्रश्न येतो. दुसऱ्या प्रभागातले वाचनालय किंवा वृद्धाश्रम गाठा. तिथल्या फक्त एका माणसाला खरे माहीत असावे, बाकीच्यांसाठी तो स्वयंसेवक.

वेळ कमी ठेवा. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, आठ ते दहा आठवडे पुरतात. रोज चार तास लावले की तिसऱ्या आठवड्यात मूल गळते, आणि मग 'आदेश पाळला नाही' अशी नोंद होते. मुळात काही केले नसते तर बरे, असे वाटायची वेळ येते. बसभाडे संस्थेने द्या. चाळीस रुपये नाहीत म्हणून न आलेले मूल ते कारण कधीच सांगत नाही.

एका कार्यकर्त्याकडे एका वेळी बारापेक्षा जास्त मुले नकोत. आणि कृपया 'या' मुलांची वेगळी तुकडी करू नका. तुमच्याकडे कबड्डी आहे, त्यातच मिसळा. सगळी अडचणीतली मुले एका खोलीत बसवली की ती एकमेकांचे नंबर घेतात आणि आठवड्यात नवीन टोळी तयार होते. गटसमुपदेशनातला हा धोका फार कमी लोक गंभीरपणे घेतात.

पालकांची मजुरी तारखेच्या दिवशी बुडते. म्हणून तारीख चुकते, आणि तारीख चुकली की मंडळाचे मत फिरते. आदल्या संध्याकाळी फोन, सकाळी सोबत एक माणूस, आधारकार्ड व जन्मतारखेचा पुरावा पिशवीत. वयासाठी कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणी. आधार हा या यादीत नाही, तो फक्त ओळखीपुरता.

अभ्यासिका_हडपसर

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. ठाण्यातूनच फोन येतो, 'तुम्ही या, दोन्ही बाजूंना बसवून मिटवून टाका.' जावे का? आणि कार्यकर्ते मुलाशी बोलताना वहीत सगळे लिहितात, त्या वहीचे पुढे काय?

कलम_आणि_नियम

मिटवायला जाऊ नका. पालकांचा आधार म्हणून जा, मूल एकटे बसले असेल तर त्याच्या शेजारी बसा, २४ तासांत मंडळापुढे नेतात का ते पाहा, लॉकअपमध्ये ठेवले असेल तर लगेच वकिलांना कळवा. पण पैशाची देवाणघेवाण तुमच्यासमोर झाली तर उद्या संस्था मांडवली करते असेच म्हटले जाईल. शिवाय तोंडी मिटवलेले प्रकरण कुठे नोंदलेले नसते. पुढच्या वेळी त्याच मुलाला 'सराईत' म्हणायला तीच तोंडी माहिती वापरतात, आणि खोडून काढायला कागद नसतो. मोबाईल परत करणे, माफी मागणे हे चांगलेच आहे, पण ते मंडळासमोर, वकिलाच्या सल्ल्याने, नोंद होऊन व्हावे.

वहीबद्दल तर फार काळजी घ्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत मूल निर्दोष आहे असेच गृहीत धरायचे असते, आणि कलम १८ चे आदेश मुलाने कृत्य केल्याचा निष्कर्ष निघाल्यावरच येतात. त्याआधी मूल तुमच्याकडे येते ते जामिनाच्या अटीमुळे किंवा स्वखुशीने. त्या काळात 'काय झाले होते, सांग' हा प्रश्नच विचारू नका. माफीपत्र, कबुलीपत्र, 'मी पुन्हा असे करणार नाही' असले काही लिहून घेऊ नका. वहीत हजेरी, शाळा, झोप, व्यसन, घरातली परिस्थिती, एवढेच. नावाऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी कुलपात. मंडळापुढचे अहवाल कलम ९९ प्रमाणे गोपनीय असतात, तेव्हा त्यांचा फोटो संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे म्हणजे सरळ उल्लंघन. कलम ७४ मोडले तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. देणगीदारांच्या अहवालातला पाठमोरा फोटोसुद्धा वस्तीत ओळखला जातो.

चौकशीची मुदत पहिल्या हजेरीपासून ४ महिने, फार तर आणखी २. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात निकाल लागला नाही तर कारवाई संपते, कलम १४(४). वकिलांनी तो अर्ज दिला आहे का, हे विचारणारे कुणीतरी लागते. ते काम तुम्ही करा.

एक प्रकार मात्र वेगळा: १७ वर्षांचा मुलगा, मैत्रीण अल्पवयीन, घरच्यांची फिर्याद, पोक्सोचे (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम ४. तिथे किमान शिक्षाच १० वर्षांची असल्याने गुन्हा निर्घृण ठरतो. मुलगा १६ पूर्ण असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी प्राथमिक मूल्यमापनही होते. तिथे संस्थेने फक्त वकील आणि समुपदेशक गाठून द्यावा.

परिविक्षा_कट्टा

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामीन देताना मंडळाने घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्या देशात गाजली. दोन जीव गेले होते, लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण त्याचा परिणाम वस्तीतल्या मोबाईल चोरणाऱ्या मुलांवरही होतो. 'निबंध लिहून सुटतात' असे ऐकवले जाते आणि मंडळे हात आखडता घेतात. म्हणून तुमचा मासिक अहवाल मोजता येईल असा ठेवा: आतापर्यंत ठरलेल्या १६ वेळांपैकी १४ वेळा हजर, शाळेत परत नाव घातले, मंडळाची एकही तारीख चुकली नाही. अहवाल एक पानाचा, दर महिन्याच्या ५ तारखेला. वैयक्तिक काळजी आराखड्यात (नमुना ७) जे लिहिले आहे त्याच क्रमाने लिहा, म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याला तो सरळ जोडता येतो.

मैदान_आणि_मुले

शाळेचे राहिले. गावी पाठवलेल्या मुलाचे नाव शाळेने पटावरून कमी केले असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा, पण कारण सांगताना प्रकरणाचा उल्लेख नको, 'गावी गेला होता' एवढेच. शाळा अजिबात घेत नसेल तर दहावीची परीक्षा बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरता येतो. त्याची मुदत दरवर्षी परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून जूनपासूनच शिक्षण मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. त्यासाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि नेमका तोच घरात सापडत नाही. वडील नसलेल्या किंवा एकल पालक असलेल्या मुलासाठी बाल संगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात. तुम्ही प्रस्तावाची प्रत द्यायला तिथे जाणारच आहात, त्याच दिवशी दहा कोरे अर्ज घेऊन या.