गटाराच्या पाण्यातून औषध? खरं की व्हॉट्सअॅप?

उंबरठा:
आईला आठ महिन्यांत चौथ्यांदा लघवीचं इन्फेक्शन झालंय. कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा जंतू, आणि औषधांच्या यादीपुढे ओळीने ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. भाऊ म्हणतो, सांडपाण्यात जंतू मारणारे विषाणू सापडतात, त्यांनी माणसं बरी झालीत. कुणी जाणकार आहे का?

गाळणी:
खरं आहे. दोन वर्षं सांडपाण्याच्या बाटल्या लॅबमध्ये आणायचं काम माझंच होतं. मला लिफ्टमध्ये बघून लोक जिना पकडायचे.

शिकार जिथे, शिकारी तिथे. आतड्यातले जंतू शेवटी सांडपाण्यातच जातात, म्हणून त्यांच्यावर जगणारे विषाणू, म्हणजे फाजही तिथेच. पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. जंतू वर अडकतात, फाज खाली उतरतात. ते पाणी रुग्णाच्या जंतूबरोबर मऊ आगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) मिसळून प्लेटवर ओतायचं, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी प्लेट उजेडात धरली की जंतूंच्या दुधट सायीत सुईने टोचल्यासारखी भोकं, तिथे फाजने जंतू मारलेले. क्लेब्सिएलाच्या भोकाभोवती कधीकधी धुरकट कडं असतं, तिथे फाजच्या एन्झाइमने जंतूचं चिकट कवच विरघळवलेलं असतं. मी पहिलं कडं बघितलं तेव्हा प्लेट खाली ठेववेना.

पण घोडं इथेच अडतं. कवचाचे प्रकार ढीगभर. एका क्लेब्सिएलावर तुटून पडणारा फाज दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. शिवाय काही फाज जंतूला फोडायचं सोडून त्याच्या डीएनएत दडून बसतात, ते बाद. फुटलेल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन नावाचं विष काढावं लागतं, नाहीतर रुग्णाला ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. भोकं दोन दिवसांत मिळतात हो, औषध नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला कोमात गेलेले टॉम पॅटरसन फाज शिरेतून दिल्यावर वाचले. त्यांचा जंतू, असिनेटोबॅक्टर, मधेच पहिल्या फाजना दाद देईना, तेव्हा नवा फाज शोधावा लागला. तोही सांडपाण्यातच मिळाला.

बिनसाखरेचा:
पॅटरसनना प्रतिजैविकंही चालू होती, हे सांगायचं राहिलं. आणि लघवीच्या इन्फेक्शनवर जॉर्जियातल्या तिबिलिसीत रीतसर चाचणी झालीय: प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होणारे ९७ पुरुष, कुणाला मूत्राशयात फाज, कुणाला प्लासिबो (औषध नसलेलं नकली द्रावण), कुणाला प्रतिजैविक. फाज प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही.

गाळणी:
मान्य. तिथे फाज दिलेल्या सगळ्यांना एकच मिश्रण होतं, पण म्हणून ‘जुळवून दिलं असतं तर लागू पडलंच असतं’ असं मी म्हणणार नाही.

उंबरठा, आईंना कॅथेटर आहे का?

उंबरठा:
हो, पाच महिने झाले.

गाळणी:
मग आधी डॉक्टरांशी त्यावर बोला. नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, तिथे औषधं धड पोचत नाहीत. ती बदलता किंवा काढता येईल का, विचारा. आणि लॅबला फोन करून आईंचा जंतू गोठवून ठेवायला सांगा. फाज जुळवायचा झाला तर कागदावरचा रिपोर्ट कामाचा नाही, जिवंत जंतूच लागतो.

उंबरठा:
केला फोन. प्लेट सोमवारीच टाकून दिली म्हणे. ‘पुढच्या वेळी आठवण करा, ठेवू.’
पुढच्या वेळी!
कॅथेटरचं उद्या विचारते.